जपानमधील जुना बाजार

क्योतो हे जपानचे जुने राजधानीचे शहर होय. या शहराच्या दक्षिण भागात तोजी नावाचे बौद्ध मंदिर आहे. मंदिराच्या आवारातील पाचमजली लाकडी मनोरा सुमारे ५५ मीटर उंच असून जपानमधील लाकडी मनोऱ्यांत तो सर्वांत उंच गणला जातो. एरवी शांत असणाऱ्या या आवाराला दर महिन्याच्या २१ तारखेला मात्र जत्रेचे रूप येते. पहाटेच्या अंधुक उजेडातच छोट्या मालमोटारी येऊन उभ्या राहतात, जमिनीवर सतरंज्या व ताडपत्र्या अंथरल्या जातात आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या वस्तू एकेक करून उलगडल्या जातात. सूर्य वर येईपर्यंत शेकडो दुकाने मांडून झालेली असतात.

या बाजारामागे एक स्मरणदिन आहे. शिंगोन पंथाचे संस्थापक कुकाई यांचे निर्वाण इ. स. ८३५ मध्ये, तिसऱ्या चांद्रमासाच्या २१ तारखेला झाले. मृत्यूनंतर त्यांना कोबो दाइशी ही पदवी देण्यात आली. त्यांच्या स्मरणार्थ भाविक दर महिन्याच्या २१ तारखेस तोजी मंदिरात जमू लागले. आणि जेथे भाविक जमतात तेथे विक्रेते आल्यावाचून राहत नाहीत. क्योतोचे रहिवासी या बाजाराला जिव्हाळ्याने ‘कोबो-सान’ म्हणतात. चार दिवसांनी, म्हणजे २५ तारखेला, याच शहरातील कितानो तेनमांगू या देवस्थानात असाच दुसरा बाजार भरतो. तो सुगावारा नो मिचिझाने या विद्वान राजपुरुषाच्या नावाने. त्यांचा जन्म आणि मृत्यू दोन्ही २५ तारखेचे मानले जातात. एका बाजाराला ऊन मिळाले तर दुसऱ्याला पाऊस लागतो, असे क्योतोत गमतीने म्हणतात.

रोपे, लोणची, भाजीपाला, सुऱ्या, खाद्यपदार्थ असे सर्व काही या बाजारात मिळते. परंतु दूरदूरचे लोक येथे येतात ते जुन्या वस्तूंसाठी. निळ्या नक्षीच्या बश्या, लाखेचे वाडगे, लोखंडी किटल्या, रेशमी किमोनो, बाहुल्या, सुतारांचे रंधे, बंद पडलेली घड्याळे, कोणा अनोळखी कुटुंबाची छायाचित्रे, या सर्व वस्तू एकाच सतरंजीवर शेजारीशेजारी मांडलेल्या असतात. त्यांतील एखादी दोनशे वर्षांची असते, एखादी वीस वर्षांची. आणि कोणती किती वर्षांची हे बहुधा कोठेही लिहिलेले नसते.

जुन्या वस्तूंचा असा व्यापार जपानमध्ये नवा नाही. तोक्योच्या सेतागाया भागात ‘बोरोइची’ नावाचा बाजार भरतो. त्याची परंपरा १५७८ पर्यंत मागे जाते. ‘बोरो’ म्हणजे चिंध्या. शेतकऱ्यांच्या कामाच्या कपड्यांना ठिगळे लावण्यासाठी आणि गवती वहाणा विणताना त्यांत मिसळण्यासाठी या चिंध्या विकत घेतल्या जात. त्यावरूनच बाजाराला हे नाव पडले. कापड दुर्मीळ होते, म्हणून चिंधीलाही मोल होते. महाराष्ट्रात जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात भांडी देणारी बोहारीण ज्या अर्थव्यवहाराचा भाग होती, त्याच जातीचा हा व्यवहार होय. बोरोइची आजही दरवर्षी डिसेंबर आणि जानेवारी या महिन्यांच्या १५ व १६ तारखांना भरते. मात्र तेथे आता चिंध्या शोधूनही सापडणे कठीण.

जुन्या वस्तूंच्या दुकानांचे जपानी भाषेत स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. ज्या दुकानात कलात्मक, दुर्मीळ आणि मूल्यवान वस्तू असतात ते ‘कोत्तो’चे दुकान. तेथे वस्तू मोजक्या, प्रकाश मंद आणि किमती भारी असतात. दुसरा वर्ग ‘फुरुदोगु’, म्हणजे जुनी हत्यारे-भांडी-सामान विकणाऱ्यांचा. तिसरा वर्ग अलीकडचा असून त्याला इंग्रजीवरून ‘रिसायकल शॉप’ असेच म्हणतात. १९९० मध्ये सागामिहारा येथे ‘बुक ऑफ’ हे वापरलेल्या पुस्तकांचे स्वच्छ, उजळ आणि नीट मांडणीचे दुकान निघाले. १९९३ मध्ये निइगाता येथे ‘हार्ड ऑफ’ने जुनी विद्युत-उपकरणे तशाच पद्धतीने विकण्यास प्रारंभ केला. पुढे अशा दुकानांच्या साखळ्या देशभर पसरल्या. त्यांच्या कोपऱ्यात ‘जंक’ अशी पाटी लावलेल्या टोपल्या असतात. त्यांतील वस्तू चालेल की नाही याची कोणतीही हमी दुकानदार देत नाही आणि ग्राहकही ती मागत नाही. पारखी माणसाची पावले बहुधा प्रथम त्या टोपल्यांकडे वळतात.

एवढ्या वस्तू येतात कोठून, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर आनंददायक नाही. जपानची लोकसंख्या वेगाने वृद्ध होत असून ती घटतही आहे. मुले शहरांतील लहान सदनिकांत राहतात; आईवडिलांच्या पश्चात गावाकडचे घर बंद पडते. २०२३ च्या शासकीय पाहणीनुसार देशात सुमारे ९० लाख घरे रिकामी होती. एकूण घरांच्या संख्येशी हे प्रमाण १३.८ टक्के पडते. असे एखादे घर विकायचे वा पाडायचे ठरले की आतील सामान हलवावे लागते. मृतांच्या मागे राहिलेले सामान आवरून देणे हा आता एक स्वतंत्र व्यवसायच झाला आहे. त्या व्यवसायातील माणसे दोन-तीन दिवसांत सारे घर रिकामे करतात. काही वस्तू नातेवाईक ठेवून घेतात, काही जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे जातात आणि उरलेल्या भट्टीत जातात. तिसरा ढीग सर्वांत मोठा असतो.

म्हणूनच जुना बाजार ही केवळ हौसेची जागा मानणे अपुरे ठरेल. अनेक वस्तूंच्या बाबतीत भट्टीपूर्वीचा तो शेवटचा थांबा असतो. लग्नात मुलीला दिलेले, लोखंडी कडी-कोयंड्यांनी मढवलेले ‘तान्सु’, म्हणजे कप्प्यांचे कपाट, एके काळी घराची शान असे. आजच्या घरांत भिंतीतच कपाटे असल्यामुळे त्याला जागा उरलेली नाही. ३ मार्च हा मुलींचा सण. त्या दिवशी पायऱ्यापायऱ्यांच्या मखरात राजा, राणी आणि दरबारी अशा बाहुल्या मांडण्याची प्रथा आहे. मुली मोठ्या होऊन गेल्या की या बाहुल्या खोक्यांत पडून राहतात. त्यांना फेकणे मात्र जिवावर येते. अनेक देवस्थाने अशा बाहुल्यांसाठी खास विधी करतात. त्यांचे आभार मानून, प्रार्थना करून मगच त्यांना निरोप दिला जातो. वाकायामा प्रांतातील आवाशिमा देवस्थानात तर भाविकांनी आणून दिलेल्या हजारो बाहुल्या रांगेने मांडलेल्या दिसतात. शंभर वर्षे वापरात राहिलेल्या वस्तूत जीव येतो आणि तिला टाकून दिल्यास ती रुष्ट होते, अशी एक जुनी लोकसमजूतही जपानमध्ये आहे. तिच्यामुळे वस्तू वाचतात असे नाही. पण वस्तू टाकताना माणसाचा हात क्षणभर थांबतो, यामागे कोठेतरी ती असावी.

वस्तू ओळखणारा माणूस मिळाला तर ती तरते, या विधानाचा सर्वांत ठळक पुरावा क्योतोच्या याच बाजारांत घडला. यानागी सोएत्सु हे कलाचिंतक १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर तोक्यो सोडून क्योतोला राहावयास आले. येथील सकाळच्या बाजारांत ते नियमाने हिंडू लागले. श्रीमंतांच्या संग्रहातील नामांकित कलाकृतींकडे पाठ फिरवून ते शेतकऱ्यांची, कोळ्यांची, खाणावळींतील रोजच्या वापराची भांडी व वस्त्रे विकत घेत. अशा स्वस्त, साध्या वस्तूंना बाजारातील म्हाताऱ्या विक्रेत्या ‘गेतेमोनो’, म्हणजे हलक्या प्रतीची वस्तू, म्हणत. यानागींना हा शब्द तेथेच प्रथम ऐकावयास मिळाला. विक्रेत्यांच्या दृष्टीने ज्यांना किंमत नव्हती, त्या वस्तूंतील सौंदर्य यानागींना दिसले. १९२५ मध्ये त्यांनी हामादा शोजी आणि कावाई कान्जिरो या कुंभकारांसह ‘मिंगेई’, म्हणजे लोककला, हा नवा शब्द घडविला. १९३६ मध्ये तोक्योत जपान लोककला संग्रहालय उघडले. बाजारातून अल्प मोलाने आणलेल्या अनेक वस्तू आज त्या संग्रहालयात आदराने जतन केलेल्या आहेत. यानागींनी एका गोष्टीवर सतत भर दिला. या वस्तूंवर कर्त्याची सही नसते आणि तिची गरजही नसते. हे मत सर्वांनाच पटेल असे नाही. सहीविना राहिलेला कारागीर सहीविना मेला, हेही तितकेच खरे आहे.

आता पारखेकडे वळू. जुन्या बाजारात सर्वाधिक आढळणारी वस्तू म्हणजे चिनी मातीची निळी-पांढरी भांडी. क्यूशू बेटावरील आरिता या गावी सतराव्या शतकाच्या आरंभी अशी भांडी तयार होऊ लागली. हे तंत्र कोरियातून आणलेल्या कुंभारांनी जपानला दिले. माल जवळच्या इमारी बंदरातून बाहेर जाई, म्हणून भांडी आरिताची असूनही त्यांना ‘इमारी’ हेच नाव मिळाले. सतराव्या शतकाच्या मध्यापासून डच व्यापाऱ्यांनी ती युरोपातही नेली. त्या काळची उत्तम भांडी आज सामान्य माणसाच्या आवाक्यात नाहीत. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मेइजी काळात, नक्षी हाताने रंगविण्याऐवजी कागदी साच्याने किंवा ताम्रपटावरून उतरवून छापण्याची रीत सुरू झाली. अशा छापील बश्या घरोघरी पोहोचल्या आणि आज त्या अगदी अल्प किमतीत मिळतात.

त्या ओळखणे फारसे अवघड नाही. बशीच्या कडेने नक्षी नीट पाहत गेले की एखाद्या ठिकाणी ती जुळलेली नसते. एका फुलाचा अर्धा भाग दुसऱ्या फुलावर चढलेला असतो. कागदाची दोन टोके तेथे मिळाली होती. रंगावरूनही काळाचा अंदाज येतो. नैसर्गिक खनिजापासून केलेला जुना निळा रंग किंचित राखाडी व शांत दिसतो. मेइजी काळात परदेशांतून आलेला कोबाल्टचा निळा भडक, काहीसा जांभळट असतो. घाईत छापलेली ती न जुळलेली फुले एके काळी दोष मानली जात असतील. आज मात्र अनेकजण ती मुद्दाम शोधतात, आणि ते योग्यच आहे. कामगाराचा हात त्या चुकीतच दिसतो.

भांड्याच्या बुडावरील अक्षरांवर मात्र चटकन विश्वास ठेवू नये. अनेक जपानी भांड्यांवर चीनमधील मिंग राजवटीच्या पंधराव्या शतकातील सम्राटाचे नाव लिहिलेले असते. भांडे अठराव्या किंवा एकोणिसाव्या शतकातले असते. हे लेखन फसवणुकीसाठीच केलेले असे, असे म्हणता येणार नाही. चिनी भांड्यांविषयीचा आदर आणि शोभा या दोन्हींचा तो भाग होता. उलट, अमेरिकेतील जुन्या बाजारांत जपानी भांड्यांवरील रोमन लिपीतील शिक्क्यांचा चांगला उपयोग होतो. १८९१ पासून तेथे आयात मालावर देशाचे नाव घालणे बंधनकारक झाले. तेव्हा जपानी कारखाने ‘निप्पॉन’ असे लिहू लागले. १९२१ पासून ‘जपान’ असे लिहावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असताना निर्यात झालेल्या पुष्कळ वस्तूंवर ‘व्याप्त जपानमध्ये बनविलेले’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का आढळतो. ती राजवट १९५२ मध्ये संपली. खुद्द जपानमध्ये हे शिक्के क्वचितच दिसतात, कारण तो माल देशाबाहेर जाण्यासाठीच बनविलेला होता. या शिक्क्यांचीही नक्कल होते, हे ओघाने आलेच.

शिक्क्यापेक्षा स्पर्श अधिक खरे बोलतो. भांडे उलटे करून त्याच्या बैठकीच्या कडेवरून बोट फिरवावे. तेथे झिलई नसते. वर्षानुवर्षे पाटावर व फळीवर घासून ती कड गुळगुळीत झालेली असते आणि तिच्या रंध्रांत मळ मुरलेला असतो. कृत्रिम रीतीने जुनी केलेली कड सगळीकडे सारखीच मळकट दिसते. वापराचा मळ असा सारखा कधी बसत नाही. त्यानंतर भांडे तळहातावर ठेवून नखाने हळूच वाजवावे. कुंभाराकडून मडके घेताना आपल्याकडे जे केले जाते, तेच येथेही करावयाचे. अखंड भांडे स्वच्छ निनादते. केसासारखी चीर गेलेली असेल तर आवाज बद्द येतो. अर्थात हे करण्यापूर्वी विक्रेत्याची परवानगी घेणे इष्ट. बरेच विक्रेते दोष आधीच सांगतात. वस्तूला चिकटविलेल्या कागदाच्या चिटोऱ्यावर ‘नान आरी’, म्हणजे ‘दोष आहे’, असे लिहिलेले असते. बारीक टवका, केसाएवढी चीर, झिलईतील जाळी यांना या व्यवसायात वेगवेगळे शब्द आहेत. दोषाला नाव असले की तो लपविणे अवघड जाते.

फुटलेले भांडे जोडण्याची जपानी रीत ‘किंत्सुगी’ या नावाने आता जगभर माहीत झाली आहे. उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाने तुकडे जोडून सांध्यावर सोन्याची पूड बसविली जाते. हे झाड आपल्याकडील बिब्याच्याच कुळातले. बिब्याप्रमाणेच त्याचा ओला चीक अंगाला लागल्यास फोड येतात. हा चीक उन्हात वाळत नाही. उबदार व दमट हवेत तो हळूहळू कठीण होतो. त्यामुळे एका वाडग्याच्या दुरुस्तीला कित्येक आठवडे लागतात. अलीकडे बाजारात रासायनिक गोंद आणि पितळेची पूड वापरून केलेली झटपट दुरुस्तीही दिसते. शोभेसाठी ती चालेल. परंतु तशा वाडग्यातून खाणे टाळलेले बरे आणि त्याला खऱ्या किंत्सुगीचा भाव देणे तर मुळीच योग्य नाही.

वस्त्रांचे दालन स्वतंत्र लेखाचा विषय ठरावा इतके मोठे आहे. नव्या रेशमी किमोनोची किंमत लाखो येनांच्या घरात जाऊ शकते. तोच किमोनो वापरलेला असला की जत्रेतील ढिगाऱ्यात ५०० ते १,००० येनांनाही मिळून जातो. किमोनो घालण्याचे प्रसंग कमी झाले, तो नेसण्याची विद्या अनेक घरांतून गेली, आणि आजीच्या अंगाचा किमोनो उंच नातीला आखूड पडतो. वास्तविक किमोनोची रचना दीर्घायुष्यासाठीच झालेली आहे. अरुंद पन्ह्याच्या, सुमारे १२ मीटर लांबीच्या एकाच तुकड्यातून तो सरळ रेषांत कापला जातो. त्यामुळे सर्व शिवण उसवून, तुकडे पुन्हा जोडून, धुऊन नव्याने शिवता येतो. विकत घेताना काखेखालचे डाग, बुरशी आणि घडीवर विरलेले रेशीम एवढे पाहावे. डांबरगोळ्यांचा वास महिनाभर जात नाही, हेही लक्षात ठेवावे.

रेशमाच्या ढिगाऱ्याकडे दुर्लक्ष करून आज काही संग्राहक ज्या वस्त्राचा शोध घेतात, ते मात्र चिंध्यांचे आहे. जपानच्या उत्तरेकडील आओमोरी प्रदेशात थंडीमुळे कापूस पिकत नसे. शेतकरी तागासारख्या धाग्याचे विरळ कापड वापरीत. पश्चिमेकडून जहाजांनी आलेल्या सुती चिंध्या त्यांना अमूल्य वाटत. त्या थरावर थर जोडून बारीक धावदोऱ्याने शिवल्या जात. या शिवणीला ‘साशिको’ म्हणतात. गोधडी शिवलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. एकाच पांघरुणावर आजी, आई आणि मुलगी अशा तिघींची ठिगळे असत. दारिद्र्याची खूण म्हणून ही वस्त्रे पुढे लोक लपवू लागले, जाळू लागले. त्याच प्रदेशातील लोकसंस्कृतीचे अभ्यासक तानाका चुझाबुरो (१९३३–२०१३) यांनी गावोगाव हिंडून ती गोळा केली. २००९ ते २०१९ या काळात तोक्योच्या आसाकुसा भागातील एका संग्रहालयात त्यांचा संग्रह लोकांना पाहता येत होता. आता परदेशांतही अशा वस्त्रांना मोठी किंमत येते. आणि नव्या कापडाला मुद्दाम फाडून, ठिगळे लावून, धुऊन जुने भासविण्याचा उद्योगही निघाला आहे. ज्या बायकांनी थंडीने कुडकुडत ते टाके घातले, त्यांना हे ऐकून काय वाटले असते कोण जाणे!

भारतीय वाचकाने जपानच्या जुन्या बाजारात एक शब्द अवश्य ध्यानात ठेवावा. तो म्हणजे ‘सारासा’. गुजरात आणि कोरोमांडल किनाऱ्यावर छापलेले व रंगविलेले सुती कापड पोर्तुगीज आणि डच जहाजांतून जपानला पोहोचले. तेथे त्याचे हे नाव रूढ झाले. चहापानाच्या विधीतील जाणकारांना त्याचे इतके आकर्षण वाटले की चहाच्या मौल्यवान डब्यांसाठी ते त्याच्या लहान पिशव्या शिवून घेत. कापड थोडे, मागणी फार. त्यामुळे वीतभर तुकडाही जपून ठेवला जाई. पुढे जपानी कारागिरांनी त्याचे स्वतःचे रूप घडविले. आजही एखाद्या कोत्तोच्या दुकानात काचेखाली जुन्या भारतीय सारासाचा तळहाताएवढा तुकडा ठेवलेला दिसतो. ज्या ठशाने तो छापला, तो ठसा आणि ते हात भारतातले होते.

जुन्या वस्तूंच्या व्यापारात चोरीचा माल मिसळण्याचा धोका असतो. म्हणून १९४९ मध्ये जपानने जुन्या वस्तूंच्या व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा केला. व्यवसाय करणाऱ्याला प्रांतिक सार्वजनिक सुरक्षा आयोगाचा परवाना घ्यावा लागतो. त्यासाठीचा अर्ज पोलीस ठाण्यात द्यावा लागतो. परवान्याचा क्रमांक असलेली पाटी दुकानात दर्शनी लावणे आवश्यक आहे. वस्तू विकावयास आलेल्या माणसाची ओळख पटवून घेऊन त्याची नोंद तीन वर्षे जपावी लागते. १०,००० येनांपेक्षा कमी रकमेच्या व्यवहारांना यातून बरीच सवलत आहे. परंतु पुस्तके, गाण्यांच्या तबकड्या, संगणकीय खेळ आणि मोटारसायकली यांना ती नाही. कारण दुकानांतून उचललेल्या अशा वस्तू विकून पैसे करण्याचे प्रकार वारंवार घडत असत. विकत घेतलेली वस्तू चोरीची निघाल्यास, चोरीनंतर एक वर्षाच्या आत मूळ मालक ती दुकानदाराकडून विनामूल्य परत मागू शकतो.

चोराइतकाच धोका साळसूद खरेदीदाराचाही असतो. ‘जुने कपडे असतील तर घेऊ’ असे सांगून काही माणसे एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या दारी जात आणि घरात शिरल्यावर दागिने, नाणी, घड्याळे दाखविण्याचा आग्रह धरीत. भिडेपोटी किंवा भीतीपोटी म्हातारी माणसे सोन्याची अंगठी क्षुल्लक किमतीला देऊन बसत. तक्रारी फार वाढल्यावर कायद्यात दुरुस्ती झाली व ती फेब्रुवारी २०१३ पासून अमलात आली. बोलावल्यावाचून दारी येऊन खरेदीची गळ घालण्यास तीत बंदी आहे. विक्रेत्याला आठ दिवसांत व्यवहार रद्द करता येतो आणि तोवर वस्तू हाती न देण्याचाही त्याला अधिकार आहे. हे संरक्षण सर्वच वस्तूंना लागू नाही. फर्निचर आणि पुस्तके त्यातून वगळलेली आहेत. सतरंजीवर चमकणारी एखादी अंगठी पाहताना ती तेथवर कोणत्या मार्गाने आली असेल, हा विचार मनात यावयास हवा.

काही वस्तू आवडल्या तरी प्रवाशाने घेऊ नयेत. जपानमध्ये १५ सेंटिमीटर वा अधिक लांबीच्या पात्याच्या तलवारीसोबत नोंदणीपत्र असावेच लागते व ती देशाबाहेर नेण्यास वेगळी परवानगी लागते. कमरपट्ट्याला थैली अडकविण्यासाठी वापरीत त्या ‘नेत्सुके’ नावाच्या कोरीव गुंड्या अतिशय मोहक असतात. पण त्यांतील कित्येक हस्तिदंती आहेत. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, आणि भारतात तर त्याच्या व्यापारास कायद्याने बंदीच आहे.

भावाविषयी थोडे सांगावयास हवे. पक्क्या दुकानात किमतीच्या चिठ्ठीवर घासाघीस करणे शिष्टसंमत नाही. मंदिराच्या आवारातील बाजारात मात्र ‘थोडे कमी होईल का?’ असे नम्रपणे विचारण्यास हरकत नसते. दोन-तीन वस्तू एकत्र घेतल्यास विक्रेता स्वतःच आकडा खाली आणतो. वस्तूला नावे ठेवून भाव पाडण्याची युक्ती तेथे उलटते. त्यापेक्षा ती का आवडली हे सांगणाऱ्याला अधिक सवलत मिळते. उत्तम वस्तू पहाटेच, बहुतेक वेळा इतर व्यापाऱ्यांच्याच हाती जातात. दुपार कलल्यावर भाव उतरतात, कारण विक्रेत्याला सामान परत बांधणे नकोसे झालेले असते.

राहता राहिली पेटी. जपानमध्ये चांगल्या भांड्यासाठी ‘किरी’ या हलक्या लाकडाची पेटी करून घेण्याची रीत आहे. हे लाकूड ओलावा सहज आत जाऊ देत नाही. पेटीच्या झाकणावर कर्ता स्वतः शाईने वस्तूचे नाव लिहितो, सही करतो आणि शिक्का उमटवितो. भांड्यासोबतच जन्मलेल्या या पेटीला ‘तोमोबाको’ म्हणतात. ती सोबत असली तर भांड्याची किंमत कित्येक पटींनी वाढते. काही पेट्यांवर पुढील मालकांनी केलेल्या नोंदीही सापडतात. कोणाकडून आले, कोणत्या प्रसंगी वापरले, कोणाला दिले, हे त्यांवरून कळते. दुसऱ्या भांड्याची पेटी तिसऱ्याच भांड्याला बसवून विकण्याची लबाडीही चालते. म्हणून पेटी वाचण्याआधी वस्तू पेटीत ठेवून पाहावी. खरी जोडी असेल तर भांडे आत डुगडुगत नाही, अडकतही नाही.

अशा रिकाम्या पेट्याही विकावयास येतात. आतले भांडे कधीतरी फुटलेले असते, हरवलेले असते किंवा पेटीविना विकले गेलेले असते. दिवस मावळताना तोजीच्या आवारात विक्रेते सतरंज्या गुंडाळू लागतात. न खपलेल्या बश्या पुन्हा वर्तमानपत्रात जातात. एखाद्या मालमोटारीच्या मागच्या फळीवर अशा पेट्यांची चळत राहिलेली असते. झाकणांवरील शाई काही ठिकाणी अजून काळीभोर असते. वाडग्याचे नाव, कुंभाराचे नाव आणि एखाद्या पेटीवर, ज्याला तो वाडगा भेट दिला होता त्याचेही नाव.